पंधराचा थर

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मावशीला कळलं की आपलं माप साडेचार वर्षं चुकत आलंय. जवळ स्टूल होतं म्हणून बरं. ती बसली, चष्मा पुसला, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. आकडा तोच होता. चष्मा पुसून आकडे बदलत असते तर चष्मेवाल्यांची चांदी झाली असती.

तिचं काम थर घालण्याचं. म्हणजे स्टीलच्या एका मोठ्या पिंपातली हवा पंपाने ओढून घ्यायची, आत धातूच्या चकतीवर वायूच्या कणांचा मारा करायचा, आणि तिथून उडालेले अणू समोरच्या गुळगुळीत सिलिकॉनच्या तुकड्यावर बसू द्यायचे. दहा नॅनोमीटर, पाच नॅनोमीटर, कधी एकच. केसाच्या जाडीचे ऐंशी हजार भाग करा, त्यातला एक, असं ती नव्या मुलांना सांगायची आणि मग स्वतःच्या ऐसपैस देहाकडे बोट दाखवायची. "आणि हे नाजूक काम कोणाकडे दिलंय, बघा!" संशोधन करणारी मुलं तिला हवी ती जाडी चिठ्ठीवर लिहून द्यायची. ती शटर उघडायची, जाडीमापकाचा आकडा चढताना बघायची आणि नेमक्या क्षणी शटर बंद करायची. सव्वीस वर्षं हेच. "माझा दहा म्हणजे दहा," हे तिचं ठरलेलं वाक्य होतं आणि ते ती जरा जास्तच वेळा म्हणायची.

पूर्वी तिला सगळे मॅडम म्हणत. मग पाच वर्षांपूर्वी तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी, ठमी, याच लॅबमध्ये पीएचडीला आली. पहिल्याच दिवशी पोरीने भर लॅबमध्ये "मावशी, डबा घरीच विसरलीस गं!" अशी आरोळी ठोकली, आणि मॅडमची मावशी झाली ती कायमची. ठमी राहायलाही तिच्याकडेच होती. मावशी एकटी, घर दोन खोल्यांचं, दोघींचं बरं चाललं होतं.

आता चूक काय होती ते सांगितलं पाहिजे. जाडी मोजणारा छोटा क्रिस्टल पिंपात मधोमध नसतो, कडेला असतो. त्याच्यावर जेवढे अणू पडतात तेवढेच तुकड्यावर पडतात असं नाही. म्हणून प्रत्येक चकतीसाठी एक गुणक ठरवून यंत्रात भरून ठेवतात, तराजूचा पासंग काढावा तसा. साडेचार वर्षांपूर्वी जाडीमापक नवीन आला तेव्हा जुन्या वहीतून बघून हे गुणक तिनेच भरले होते. भरताना वरची ओळ दोनदा पडली. चुंबकी मिश्रधातूच्या पुढे प्लॅटिनमचाच आकडा बसला. त्या पानाकडे परत जायचं कारणच कधी आलं नाही. आज क्रिस्टल बदलायचा म्हणून तिने पान उघडलं आणि दोन सारखे आकडे एकाखाली एक दिसले.

हिशेब सोपा होता. यंत्र तिप्पट सांगत होतं. नोंदवहीत पंधराचा लिहिलेला चुंबकी थर खरा पाचचाच होता.

तिने तिथल्या तिथे आकडा दुरुस्त केला. विचार करून नव्हे. भिंतीवरची तसबीर वाकडी दिसली की हात आपसूक जातो, तसा गेला. विचार नंतर आला. ठमीचा अख्खा प्रबंध त्याच मिश्रधातूच्या थरांवर होता. व्हायव्हा गुरुवारी होती. परवा.

ठमीने काय शोधलंय ते मावशीला चांगलं ठाऊक होतं. सहा महिन्यांपूर्वी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पोरीने समजावून सांगितलं होतं.

"प्रत्येक इलेक्ट्रॉनचं तोंड कुठल्यातरी दिशेला असतं असं समज. त्याला म्हणायचं स्पिन. पुष्कळांची तोंडं एकाच दिशेला करून शेजारच्या थरातून चुंबकी थरात सोडली की झाला स्पिनचा प्रवाह. आता चुंबक काय करतो, आत आलेल्या प्रत्येकाला गरगर फिरवतो. कोणी सरळ आत येतो, कोणी तिरका, त्यामुळे प्रत्येकाची गिरकी वेगळी. चार पावलं जाईपर्यंत दहा जणांची दहा दिशांना तोंडं. मग कसला प्रवाह आणि कसलं काय!"

"तुमच्या लॅबच्या मीटिंगसारखं."

"अगदी! साध्या चुंबकात एका नॅनोमीटरमध्ये खेळ खलास. पण माझ्या मिश्रधातूत दोन जातींचे अणू आहेत, आणि त्यांचं चुंबकत्व एकमेकांच्या उलट. एकाने उजवीकडे फिरवलं की दुसरा डावीकडे फिरवून जागेवर आणतो. तोंडं सरळ राहतात. प्रवाह खोल जातो."

"किती खोल?"

"पाच नॅनोमीटर, मावशी! एक नाही, पाच!" असं म्हणून ठमीने टेबलावर अशी थाप मारली होती की चहा सांडला होता.

तर या पाचावर सगळा डोलारा उभा. आणि मावशी स्टुलावर बसून भागाकार करत होती. सगळ्या जाड्या एक तृतीयांश. म्हणजे पाचाचे दीडच्या आसपास. साधा चुंबकही जवळपास तेवढाच प्रवाह आत घेतो. म्हणजे शोधच नाही. पोरीची पाच वर्षं एका ओळीने खाल्ली होती, आणि ती ओळ मावशीच्या हातची होती.

संध्याकाळी घरी ती वांगी चिरत बसली आणि ठमी भिंतीकडे तोंड करून भाषणाची तालीम करत होती. दर पाच मिनिटांनी "पाच नॅनोमीटर" हे शब्द यायचे, आणि दर वेळी मावशीची सुरी थांबायची.

"मावशी, बोटं सांभाळ. लक्ष कुठे आहे तुझं?"

"कुठे नाही गं. तू म्हण तुझं."

रात्रभर तिने स्वतःची समजूत घातली की कदाचित आपणच घाबरून उलटं समजलोय. यंत्रातला आधीचा गुणक बरोबर असेल आणि जुनी वहीच चुकीची असेल. असं होऊ शकतं. होऊ शकतं ना? पण खात्री करून घेण्याचा उपाय एकच होता, आणि त्याचीच तिला धास्ती वाटत होती.

बुधवारी सकाळी लंबूची चिठ्ठी आली. लंबू म्हणजे ठमीच्या दोन वर्षं मागचा विद्यार्थी. दारातून आत येताना मान वाकवावी लागे म्हणून हे नाव. चुंबकी थर, पंधरा. मावशीने मुकाट्याने पंधराचा थर घालून दिला. काही झालं तरी आजचा पंधरा खरा पंधरा होता, तेवढंच समाधान.

दुपारी तिने कपाटातून जुना डबा काढला. प्रत्येक थर घालताना शेजारी एक छोटा जुळा तुकडा ठेवायची तिची पद्धत होती. त्यातला ठमीचा, "१५" लिहिलेल्या पुडीतला तुकडा तिने काढला, पुडी खिशात घातली आणि नुसता तुकडा लंबूच्या पुढे धरला.

"हा जरा क्ष-किरणांखाली बघतोस? जुना आहे, जाडी विसरलेय."

लंबूने तुकडा यंत्रात ठेवला. पडद्यावर रेघ लाटालाटांनी उतरू लागली. लाटा जितक्या दाट तितका थर जाड, एवढं तिला कळत होतं. आणि या लाटा चांगल्या ऐसपैस होत्या, एकमेकींपासून लांब लांब. तिला हिशेबाची गरजच नव्हती.

"पाच पॉइंट एक," लंबू म्हणाला.

"बरं," मावशी म्हणाली. तुकडा परत घेऊन तिने खिशातल्या पुडीत घातला.

त्या संध्याकाळी तिने ठरवलं, सांगायचंच. परीक्षकांच्या तोंडून कळण्यापेक्षा घरच्या माणसाकडून कळलेलं बरं. ती ठमीच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. पलंगभर कागद पसरलेले, मध्ये पोर मांडी घालून बसलेली, केस कसेतरी बांधलेले. लहानपणीही अशीच बसायची, चित्रांच्या पुस्तकांत.

"ठमे, ते जाडीचं..."

"मावशी, प्लीज! उद्या दुपारपर्यंत मला नवीन काहीही सांगू नकोस. डोक्यात सुई ठेवायला जागा नाही. गॅस चालू राहिला असेल तरी सांगू नकोस, नुसता बंद कर."

मावशी हसली. हसायला नको होतं, पण हसली आणि परत फिरली. तेवढ्यात ताईचा, म्हणजे ठमीच्या आईचा फोन आला. सकाळच्या गाडीने निघते, साडीचा रंग कुठला नेसू, परीक्षकांसाठी काही आणायचं असतं का. "मी काय म्हणते," ताई शेवटी म्हणाली, "तुझ्या भरवशावर पोरीला एवढ्या लांब पाठवलं मी. नाव काढलंस हो." मावशीने फोन ठेवला आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडली. भ्याडपणा होता तो, दुसरं काही नाही, आणि तिला ते पक्कं माहीत होतं.

गुरुवारी सकाळी तिने सरांना गाठलं. सर म्हणजे ठमीचे गाईड, सौम्य माणूस, कोणालाही तोडून बोलायची सवय नसलेला. ते कॉरिडॉरमध्ये फायली छातीशी धरून चालले होते.

"सर, चुंबकी थराचा गुणक चुकलेला आहे. मी पाहिलं. तिप्पट दाखवतोय. ठमीचे सगळे..."

सर थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, संकोच होता, न सांगता घरात शिरलेल्या माणसासारखा. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"मावशी, आज हा विषय नको. खरंच नको. तुम्ही आज ताईंना घेऊन छान पुढे बसा."

आणि ते गेले. मावशी जागच्या जागी उभी राहिली. म्हणजे सरांना माहीत आहे! माहीत असून दाबायचं ठरलंय! आतापर्यंत नुसती चूक होती, आता ती लबाडी झाली, आणि पोरीला त्याचा पत्ता नाही. परीक्षकाने एक बोट ठेवलं तर सर हात वर करतील, आणि मधल्यामध्ये ठमी सापडेल. मावशीची पाचावर धारण बसली.

ती पुढे बसली नाही. ताईला घेऊन अगदी मागच्या रांगेत, दाराजवळ बसली. ताईने नवी साडी नेसली होती आणि सगळ्यांकडे बघून हसत होती. पुढे तीन परीक्षक बसले होते. दोघे तिथलेच, आणि तिसरे बाहेरून आलेले, कानामागे पेन्सिल खोचलेले एक किडकिडीत गृहस्थ. त्यांनी प्रबंधाला इतके कागदी ध्वज चिकटवले होते की तो फुगला होता.

ठमी उभी राहिली. आवाज सुरुवातीला कापला, मग स्थिरावला. स्पिनचा प्रवाह, गिरक्या, दोन जातींचे अणू. मग आलेख आला, जाडीनुसार प्रवाह कसा उतरतो त्याचा. मावशीने डोळे खाली घातले. तिने हा प्रबंध कधी उघडला होता तर फक्त आभाराच्या पानापुरता. ते पान मात्र चार वेळा वाचलं होतं.

भाषण संपलं. पेन्सिलवाल्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि प्रबंधाच्या शेवटच्या पानांवर ठेवली. तिथे लॅबच्या नोंदवहीच्या प्रती जोडलेल्या होत्या.

"एक शंका आहे. तुमच्या आलेखातला हा ठिपका पाच नॅनोमीटरवर आहे. त्याच तुकड्याच्या पुढे नोंदवहीत पंधरा लिहिलंय. त्याच्या पुढच्या तुकड्याचंही तसंच, सात आणि एकवीस. सगळीकडे तिप्पट. यातलं खरं काय?"

मावशीने ताईचा हात धरला. ताईला वाटलं, प्रेमाने धरलाय, म्हणून तिनेही दाबला. मावशीने मान वर करून आलेखाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. खालच्या रेघेवरचे आकडे. एक, दोन, तीन, पाच, सात, दहा. या मिश्रधातूचे एवढे पातळ थर तिने कधीच घातले नव्हते. तिच्या वहीत तीन होता, सहा, नऊ, पंधरा, एकवीस, तीस.

"आलेखातला आकडा खरा आहे, सर," ठमी म्हणाली. ती मागच्या रांगेकडे बघत नव्हती, मुद्दाम बघत नव्हती. "नोंदवहीतल्या जाडीवर आम्ही विसंबत नाही. प्रत्येक थर क्ष-किरणांनी मोजून घेतो. सगळ्या मोजण्या तिसऱ्या परिशिष्टात आहेत."

"कधीपासून?"

"माझ्या पहिल्या वर्षापासून. सुरुवातीच्या चाचण्यांतच फरक लक्षात आला होता."

पेन्सिलवाल्यांनी परिशिष्ट उघडलं, खालपर्यंत पेन्सिल फिरवली आणि मान डोलावली. "उत्तम. हेच विचारायचं होतं. नोंदीवर डोळे मिटून विश्वास ठेवला असतात तर हा शोध शोध राहिला नसता."

पोर वाचली. पाच म्हणजे खरोखरचे पाच होते. मावशीचा जीव भांड्यात पडला. दोन दिवस छातीवर बसलेलं ओझं उतरलं आणि तिला मोठ्याने हसावंसं वाटलं. आणि त्याच श्वासात तिला ते दुसरं ऐकू आलं, जे आत्ताच सगळ्यांसमोर बोललं गेलं होतं. आम्ही विसंबत नाही. आम्ही.

"काय म्हणाली गं?" ताईने कानाशी येऊन विचारलं. "चांगलं म्हणाली ना?"

"चांगलं म्हणाली," मावशी म्हणाली.

अर्ध्या तासाने निकाल सांगितला गेला. टाळ्या झाल्या. मावशीनेही वाजवल्या, हात दुखेपर्यंत वाजवल्या, कारण आनंद खोटा नव्हता. पण तिला लाज वाटत होती, आणि रागही येत होता, आणि पोरीच्या कौतुकाच्या दिवशी आपल्याला राग येतोय याची आणखी लाज वाटत होती.

लॅबमध्ये चहा ठेवला होता. ठमी धावत आली आणि तिच्या गळ्यातच पडली. बराच वेळ सोडेना.

"मावशी, तुला वाईट वाटलं."

"पाच वर्षं एका घरात राहिलीस," मावशी हळूच म्हणाली. "एकदा म्हणाली असतीस, मावशी, तुझा आकडा चुकतोय. मी दोन मिनिटांत बदलला असता."

"सांगणार होते. पण तेव्हा नुकतीच आले होते, आणि तू सगळ्यांना सांगत होतीस, माझा दहा म्हणजे दहा. म्हटलं, पुढच्या आठवड्यात सांगू. मग पुढच्या. मग इतके दिवस झाले की सांगायची सोय राहिली नाही. थर उत्तमच असायचे गं, एकसारखे, गुळगुळीत. नुसता आकडाच तर होता."

मावशीला काल संध्याकाळचं ठमीच्या खोलीचं दार आठवलं. सांगायची सोय न राहणं म्हणजे काय ते तिला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नव्हती. तिने पोरीच्या पाठीवर हात फिरवला.

"असो. बदललाय मी तो. मंगळवारीच बदलला."

हे ती जरा मोठ्याने बोलली असावी, कारण पलीकडे बिस्किट खाणारा लंबू एकदम वळला.

"मंगळवारी? मावशी, मग माझा कालचा थर?"

"पंधरा मागितलास, पंधरा दिला."

"पण मला पाच हवा होता!"

सर चहाच्या कपात बघायला लागले. ठमीने डोळे मिटले. ताई एकटीच हसतमुखाने बिस्किटांची बशी फिरवत होती.

"पाच हवा होता," मावशी म्हणाली, "तर पंधरा का मागितलास?"

लंबूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने ठमीकडे पाहिलं, ठमीने सरांकडे. कोणी सांगायची गरज नव्हती. मावशीच्या डोळ्यांसमोरून साडेचार वर्षांच्या चिठ्ठ्या गेल्या, सहा, नऊ, पंधरा, एकवीस, तीस, सगळे तीनने नि:शेष भाग जाणारे आकडे, सगळ्या मुलांच्या हस्ताक्षरात. नवा विद्यार्थी आला की थोरला त्याला बाजूला घेऊन सांगत असणार, मावशींकडे मागताना तिप्पट माग. आणि तिला नमस्कार कर, डबा विचार, स्वभावाने फार चांगल्या आहेत. हे दुसरं सांगितलं जात असणारच, आणि तेच तिला जास्त लागलं.

तिने कप खाली ठेवला.

"आजपासून आकडा खरा आहे," ती सगळ्यांना म्हणाली. "तरी मोजून घ्यायचं असेल तर घ्या. घ्यायलाच हवं, मीही मोजणार आहे." मग टेबलावरचा कोरा कागद उचलून तिने लंबूपुढे धरला. "तू नवी चिठ्ठी लिही. जेवढा हवाय तेवढाच लिही."

लंबूने पेन हातात घेतलं, आणि लिहिण्याआधी एकदा ठमीकडे बघून घेतलं.